दर शनिवारी चार फेऱ्या

साप्ताहिक बुद्धिबळ स्पर्धा सुरू करायची म्हटलं की पहिला प्रश्न खेळाडूंचा येतो. किती हवेत? आठ पुरतात. चार पट, चार घड्याळं, एक फळा आणि वेळेवर येणारी आठ माणसं एवढ्यावर स्पर्धा उभी राहते. ती चालू ठेवणं हे खरं काम. उद्घाटनाला तीस जण येतात, महिन्याभरात बारा उरतात आणि मग एखाद्या शनिवारी कुलूपच उघडत नाही. क्लब असे बंद पडतात ते चांगले खेळाडू मिळत नाहीत म्हणून नव्हे. पहिली फेरी अर्धा तास उशिरा सुरू होते, हरलेला माणूस नुसता बघत बसतो आणि रात्री किती वाजता सुटका होणार हे कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून बंद पडतात. पहिला आलेला खेळाडू पुढच्या शनिवारी येणारच असतो. शेवटचा आलेला पुन्हा आला तर क्लब टिकतो. खालची सगळी मांडणी त्या शेवटच्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून केली आहे.

आधी वेळेचा हिशेब. जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, म्हणजे फिडेच्या, नियमांत जलद डावाची व्याख्या नेमकी आहे. 60 चालींचा डाव धरायचा आणि एका खेळाडूला एकूण किती वेळ मिळतो ते पाहायचं. तो 10 मिनिटांपेक्षा जास्त आणि 60 मिनिटांपेक्षा कमी असला तर डाव जलद, म्हणजे रॅपिड. 10 मिनिटं किंवा त्याहून कमी असला तर ब्लिट्झ. म्हणजे प्रत्येकाला नुसती 10 मिनिटं दिली तर तो ब्लिट्झ झाला. 10 मिनिटं आणि दर चालीला 5 सेकंद वाढीव दिले तर 60 चालींचे 300 सेकंद, म्हणजे 5 मिनिटं, जमा होऊन 15 मिनिटं होतात आणि डाव रॅपिडमध्ये येतो.

साप्ताहिक स्पर्धेला हाच 10 अधिक 5 चा प्रकार मला सर्वात सोयीचा वाटतो. दोघांची मिळून 60 चालींची 30 मिनिटं. डाव लांबून 80 चालींपर्यंत गेला तरी 33 मिनिटं 20 सेकंद. त्यावर निकाल लिहायला, मोहरी मांडायला आणि पुढच्या जोड्या लावायला सहा-सात मिनिटं धरली की फेरी 40 मिनिटांची होते. साडेपाचला पहिली फेरी, मग 6:10, 6:50 आणि 7:30. सव्वाआठच्या आत सगळं आवरून लोक घरच्या वाटेला. ह्या चार वेळा फळ्यावर सकाळीच लिहून ठेवाव्यात आणि साडेपाचला जे हजर असतील त्यांच्या जोड्या लावून घड्याळं सुरू करावीत. अध्यक्षांची वाट पाहू नये, नेहमी जिंकणाऱ्या खेळाडूची तर मुळीच पाहू नये. उशिरा आलेल्याला पहिल्या फेरीचा अर्धा गुण द्यावा आणि दुसऱ्या फेरीपासून घ्यावं. दोन-तीन आठवडे हे नेमाने केलं की उशिरा येणारे आपोआप कमी होतात.

15 मिनिटं अधिक 10 सेकंद हा प्रकार यापेक्षा भारदस्त आहे. 2025 च्या जुलैमध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला महिलांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नागपूरची दिव्या देशमुख आणि कोनेरू हम्पी यांचे दोन्ही दीर्घ डाव बरोबरीत सुटले आणि विजेतेपद ठरलं ते जलद डावांत. एकोणीस वर्षांची दिव्या जिंकली. डाव जलद आहे म्हणून तो फुटकळ ठरत नाही, हे मुलांना सांगायला यापेक्षा चांगला दाखला नाही. पण 15 अधिक 10 मध्ये फेरी तासाची धरावी लागते, तेव्हा तो महिन्यातून एकदा, तीन फेऱ्यांसाठी ठेवावा.

दर चालीला मिळणाऱ्या त्या 5 सेकंदांवर कंजुषी करू नये. ही कल्पना बॉबी फिशरची. अशा घड्याळाचं पेटंट त्याला 1989 मध्ये मिळालं आणि 1992 च्या स्पास्कीबरोबरच्या सामन्यात ते वापरलं गेलं. वाढीव सेकंद नसले की शेवटच्या मिनिटात खेळ राहत नाही, हातघाई सुरू होते. हत्ती जास्त असलेला माणूस वेळ संपून हरतो, प्यादी पटावरून घरंगळतात, घड्याळावर थापा पडतात आणि मग भांडण. 5 सेकंद मिळत असले की जिंकलेला डाव जिंकता येतो. क्लबकडे जुनी चावीची घड्याळंच असली तर प्रत्येकी 15 मिनिटं द्यावीत आणि एक सोय लक्षात ठेवावी: फिडेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार शेवटच्या दोन मिनिटांत आलेला खेळाडू पंचाकडे 5 सेकंदांच्या वाढीची मागणी करू शकतो. ही मागणी म्हणजेच बरोबरीचा प्रस्ताव. प्रतिस्पर्ध्याने तो नाकारला आणि पंचाला मागणी पटली तर दोघांना वाढीव सेकंद मिळतात आणि प्रतिस्पर्ध्याला वर दोन मिनिटं. त्यासाठी निदान एक डिजिटल घड्याळ हाताशी हवं. डिजिटल घड्याळ लावायचं कसं हे दर वेळी कुणीतरी विचारतंच. प्रत्येक घड्याळाच्या पाठीला कागदाची पट्टी चिकटवून सेटिंगच्या पायऱ्या लिहून ठेवल्या की तो प्रश्न कायमचा मिटतो.

आता जोड्या लावणं. स्पर्धेचं सगळं मर्म यात आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

बाद पद्धत क्लबच्या कामाची नाही. सोळा जण आले तर अर्ध्या तासात आठ जण रिकामे होतात, आणि रिकामे होणारे बहुधा नवे असतात, ज्यांना खेळायची सर्वात जास्त गरज आहे तेच. साखळी पद्धत न्याय्य खरी, पण अकरा जणांची साखळी पूर्ण व्हायला अकरा फेऱ्या लागतात. सहा किंवा त्याहून कमी माणसं आली तरच साखळी लावावी. बाकी वेळी स्विस पद्धत. 1895 मध्ये झुरिकच्या स्पर्धेत ती पहिल्यांदा वापरली गेली, म्हणून हे नाव. तिचे नियम मोजके आहेत. कुणीही बाद होत नाही, सगळे सगळ्या फेऱ्या खेळतात. दर फेरीत शक्यतो समान गुणांचे खेळाडू समोरासमोर येतात. एकदा खेळलेली जोडी पुन्हा लागत नाही. पांढरी-काळी मोहरी होईल तितकी आलटून पालटून मिळतात आणि लागोपाठ तीन वेळा एकच रंग येत नाही.

एक उदाहरण घेऊ. शनिवारी अकरा जण आले. त्यांची ताकदीप्रमाणे 1 ते 11 अशी यादी केली. अकरा विषम आहेत, तेव्हा यादीतल्या शेवटच्याला, 11 ला, बाय मिळाली, म्हणजे न खेळता एक गुण. उरलेल्या दहांचे दोन भाग केले, वरचे पाच आणि खालचे पाच, आणि ते एकमेकांसमोर बसवले: 1 विरुद्ध 6, 2 विरुद्ध 7, 3 विरुद्ध 8, 4 विरुद्ध 9, 5 विरुद्ध 10. पहिल्या पटावर 1 ला पांढरी मिळाली की दुसऱ्या पटावर 2 ला काळी, तिसऱ्यावर 3 ला पांढरी, असं पुढे.

फेरी संपली. 1, 2, 3 आणि 5 जिंकले, पण चौथ्या पटावर 9 ने 4 ला हरवलं. आता एक गुणवाले सहा जण झाले: 1, 2, 3, 5, 9 आणि बायचा गुण मिळालेला 11. या गटाचेही दोन भाग करायचे. वर 1, 2, 3 आणि खाली 5, 9, 11. जोड्या लागल्या 1-5, 2-9 आणि 3-11. रंग पाहू. 2 ला आधी काळी होती, 9 ला पांढरी. आता उलट केलं की दोघांचं समाधान. 11 अजून खेळलाच नाही, त्यामुळे 3 ला काळी देऊन त्याला पांढरी. अडचण 1-5 ची: दोघेही आधी पांढरी खेळलेत, दोघांचीही आता काळ्याची पाळी. अशा वेळी यादीत वर असलेल्याचं ऐकायचं. 1 ला काळी दिली, 5 ला पुन्हा पांढरी. मात्र 5 च्या नावापुढे खूण करून ठेवायची, कारण पुढच्या फेरीत त्याला काळी मिळालीच पाहिजे.

शून्य गुणांवर 4, 6, 7, 8 आणि 10 उरले. पाच म्हणजे पुन्हा विषम. एका खेळाडूला एका स्पर्धेत एकच बाय, त्यामुळे 11 चा प्रश्न येत नाही, या वेळची 10 ला. जोड्या 4-7 आणि 6-8. तिसऱ्या फेरीला हेच पुन्हा: गुणांचे गट, गटाचे दोन भाग, आधी खेळलेली जोडी आली तर खालच्या भागातला शेजारचा खेळाडू घ्यायचा. सगळे बिनबरोबरीचे निकाल लागले तर चार फेऱ्यांत सोळा जणांपर्यंत एकच खेळाडू सगळे डाव जिंकून वर राहतो, पाच फेऱ्यांत बत्तीस जणांपर्यंत.

या उदाहरणात एक गोष्ट खटकायला हवी. यादीतला शेवटचा माणूस न खेळता एक गुण घेऊन दुसऱ्या फेरीत तिसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूसमोर जाऊन बसला. नवखा माणूस पहिला अर्धा तास रिकामा बसला आणि दुसऱ्या अर्ध्या तासात सडकून हरला. स्विस पद्धतीच्या नियमाने हे बरोबर आहे, क्लबच्या दृष्टीने वाईट. उपाय एकच: संख्या विषम झाली की आयोजकाने स्वतः खेळायला बसावं. मानांकनाच्या स्पर्धेत पंचाने खेळणं चालत नाही, आपल्या शनिवारी चालतं. बक्षिसाच्या यादीत आपलं नाव धरायचं नाही, उशिरा आणखी कुणी आलं की आपण उठायचं. आयोजकाचा खेळ त्या दिवशी तुटक होतो, पण कुणीही घरून निघून क्लबात येऊन भिंतीकडे बघत बसत नाही.

जोड्या संगणकावर लागतात. आपल्याकडे बहुतेक पंच स्विस मॅनेजर वापरतात आणि तीसच्या वर संख्या गेली की ते हवंच. तरी सुरुवातीचे काही आठवडे पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर जोड्या लावाव्यात असं मी आग्रहाने सांगेन. प्रत्येक खेळाडूचा एक पत्ता. त्यावर फेरी, समोरचा, रंग, निकाल आणि एकूण गुण. फेरी संपली की टेबलावर गुणांप्रमाणे गठ्ठे लावायचे आणि सगळ्यांच्या देखत जोड्या जुळवायच्या. आपल्याला अमुकच माणूस का आला हे लोकांना डोळ्यांनी दिसतं आणि ‘मुद्दाम लावली’ ही कुजबुज होत नाही. शिवाय हे काम शिकलेली दोन-तीन पोरं आपोआप तयार होतात, आणि आयोजक गावाला गेला तरी शनिवार चुकत नाही.

नियमांकडे वळू. क्लबात येणाऱ्यांपैकी निम्मे तरी घरी, कट्ट्यावर किंवा ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत शिकलेले असतात आणि त्यांच्या हातात जुन्या देशी खेळाच्या सवयी असतात. पहिल्या चालीला दोन प्यादी एकेक घर पुढे सरकवणारे लोक आजही भेटतात. प्यादं शेवटच्या घरात पोहोचलं की ते घर ज्या मोहऱ्याचं तेच मोहरं मिळतं, असं मानणारेही भेटतात. वजीर मेलेला असेल तरच नवा वजीर घेता येतो, असं तर कितीतरी जण ठामपणे सांगतात. यात त्यांची चूक नाही, त्यांच्या वडिलांनी त्यांना तसंच शिकवलं. म्हणून पहिल्या फेरीआधी पाच मिनिटं उभं राहून नियम मोठ्याने सांगावेत, दर आठवड्याला. पहिल्या चालीला एकच प्यादं, हवं तर दोन घरं. शेवटच्या घरात पोहोचलेल्या प्याद्याचा वजीर, हत्ती, उंट किंवा घोडा, पटावर आधीचा असो वा नसो. ‘शह’ म्हणून ओरडणं सक्तीचं नाही.

त्याचबरोबर प्रत्येक पटाजवळ जादा वजीर ठेवावा. तो नसला की लोक हत्ती उलटा ठेवतात, आणि नियमाने उलटा हत्ती हा हत्तीच असतो. वजीर हाताशी नसेल तर घड्याळ थांबवून पंचाकडे मागायचा, हे पण त्या पाच मिनिटांतच सांगून टाकावं.

सर्वात जास्त वाद हात लावण्यावरून होतात. ज्या मोहऱ्याला खेळायच्या हेतूने हात लावला ते खेळायचं. नुसतं नीट बसवायचं असेल तर आधी तसं सांगायचं. ज्या हाताने चाल केली त्याच हाताने घड्याळ दाबायचं. कॅसलिंग करताना आधी राजा उचलायचा. आधी हत्तीला हात लावला तर हत्तीच हलवावा लागतो. राजा शहात ठेवला किंवा अशीच एखादी नियमबाह्य चाल करून घड्याळ दाबलं तर चाल मागे घ्यायची आणि समोरच्याच्या घड्याळात दोन मिनिटं वाढवायची. तीच चूक त्याच डावात दुसऱ्यांदा झाली तर डाव गेला. नव्या मुलांना पहिला महिनाभर ही दुसरी शिक्षा लावू नये. पण हात लावण्याचा नियम पहिल्या दिवसापासून सगळ्यांना सारखा, सात वर्षांच्या मुलीलाही आणि निवृत्त बँक मॅनेजरलाही. इथे एकदा सूट दिली की ती कुणाला मिळाली, कुणाला नाही, याचीच चर्चा उरते.

वेळ संपल्याचा दावा खेळाडूने करायचा. बघ्यांनी नाही, आणि मुलाच्या मागे उभ्या असलेल्या बाबांनी तर नाहीच. पालकांनी खेळाच्या जागेबाहेर बसावं, हा नियम मी सर्वात कडक ठेवेन. मूल चाल करून पटाकडे न बघता आईच्या चेहऱ्याकडे बघायला लागलं की त्याचं बुद्धिबळ थांबलं म्हणून समजावं. मोबाइल बंद करून पिशवीत. डाव संपला की जिंकलेल्याने निकाल सांगायचा, बरोबरी असेल तर दोघांनी, आणि उठण्याआधी दोघांनी मिळून मोहरी मांडायची. एवढ्या एका सवयीने दर फेरीची तीन-चार मिनिटं वाचतात.

गुण सारखे झाले तर काय? मोठ्या स्पर्धांत बुकोल्ट्झ लावतात, म्हणजे तुम्ही ज्यांच्याशी खेळलात त्यांच्या गुणांची बेरीज. ज्याला समोर तगडे आले तो वर. चार फेऱ्यांच्या शनिवारी त्याची गरज नाही. दोघांचे साडेतीन गुण झाले तर दोघे पहिले, फळ्यावर दोघांची नावं. रोख बक्षिसं टाळावीत. वीस-तीस रुपये वर्गणी चहाला आणि घड्याळाच्या सेलांना पुरते; पैसे लागले की हात लावण्याचे वाद दुप्पट होतात.

त्याऐवजी दोन हिशेब सांभाळावेत. एक, हंगामाचा. बारा शनिवारांचा हंगाम धरावा आणि प्रत्येकाचे उत्तम आठ शनिवार मोजावेत. कुणाची परीक्षा असते, कुणाच्या घरी लग्न, त्यांचं नुकसान होत नाही. दुसरा, क्लबचं स्वतःचं मानांकन. फिडेची मानांकन यादी 2024 च्या मार्चपासून 1400 पासून सुरू होते, त्यामुळे आपल्या बहुतेक मंडळींना ती लांबच. आकडेमोड मात्र त्यांचीच उचलावी. आपल्यापेक्षा 200 गुणांनी कमी असलेल्याशी खेळताना एका डावातून सरासरी 0.76 गुणाची अपेक्षा असते. निकालातून ही अपेक्षा वजा करायची आणि येणाऱ्या आकड्याला 20 ने गुणायचं. 1200 च्या माणसाने 1400 च्या माणसाला हरवलं तर त्याला 15 गुण मिळतात. 1400 वाला जिंकला तर त्याला जेमतेम 5. तळाच्या खेळाडूला वर्षभर स्पर्धा जिंकता येणार नाही, पण आपला आकडा 1080 वरून 1150 वर गेला हे त्याला भिंतीवरच्या तक्त्यात दिसतं. अशी माणसं क्लब सोडत नाहीत. हा तक्ता दर सोमवारपर्यंत लागला पाहिजे.

राहिली जागा. पट निदान 5 सेंटिमीटरच्या घरांचा आणि राजा साडेनऊ सेंटिमीटर उंच असा नेहमीचा प्लॅस्टिकचा संच पुरतो, तो गुंडाळून पिशवीत राहतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. जागा मिळवणंच अवघड वाटतं, आणि ती बहुतेक गावांत आधीच असते: वाचनालयाची वरची खोली, ज्येष्ठ नागरिक संघाचं सभागृह, गणेशोत्सवानंतर दहा महिने बंद असलेलं मंडळाचं कार्यालय, सोसायटीचं क्लब हाऊस. पटावर थेट पडेल असा दिवा, पंखा, पाणी आणि मुलींना व त्यांच्या आयांना नि:संकोच वापरता येईल असं स्वच्छतागृह, एवढं पाहून घ्यावं. शेवटच्या गोष्टीकडे दुर्लक्ष झालेल्या क्लबात मुली येत नाहीत, आणि मग लोक म्हणतात मुलींना आवड नाही.

तुमच्या गावातल्या अशा एखाद्या बंद खोलीची किल्ली कुणाकडे असते ते या आठवड्यात विचारून या. शनिवारी साडेपाच ते सव्वाआठ, महिन्यातून चार वेळा, एवढंच मागा. किल्ली मिळाली की आठ जणांना फोन करा, आणि त्यातले निदान दोन जण असे निवडा ज्यांना तुम्ही सहज हरवता.